"आपल्याला पचतीय!"

श्रोतेहो, नमस्कार.

गटारी जवळ आली की कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याचे बेत ठरतात आणि कुठल्या ना कुठल्या कट्ट्यावर एखादा गडी छाती पुढं काढून सांगतो, "आपल्याला काय होत नाही, आपल्याला पचतीय!" शेजारचा दोन घोटांत लालबुंद झाला, तर त्याची टिंगल होते. आज या पचण्याबद्दलच बोलायचं आहे. दारू पचताना मधल्या टप्प्यावर जे तयार होतं, ते दारूपेक्षा वाईट असतं.

उसाची मळी होते, मळीचं स्पिरिट होतं, हे साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पोटात गेल्यावरचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. यकृतातलं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, दारूचं विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. दुसरं एन्झाइम, त्याचं नाव एएलडीएच-टू, या अ‍ॅसिटाल्डिहाइडचं साधं अ‍ॅसिटेट करून टाकतं आणि धोका टळतो. पण दुसरं मागे पडलं, की मधला माल साठतो. अ‍ॅसिटाल्डिहाइड डीएनएला, म्हणजे पेशीच्या नकाशाला, चिकटतं, त्याचे दोन धागे एकमेकांत अडकवतं. पेशी दुरुस्ती करते. ती चुकली, तर चूक पुढच्या पेशींत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1988 साली दारूला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. दारूतून होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड 2009 साली तिथंच जाऊन बसलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणच्या कॅन्सरशी दारूचा संबंध पक्का आहे.

आता तो लालबुंद गडी. जपान, चीन, कोरियाकडे साधारण दर तिघांत एकाचं एएलडीएच-टू जन्मतःच अधू असतं. फरक एकाच अमिनो आम्लाचा, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या एकाच मण्याचा, पण हे एन्झाइम चार तुकडे जोडून बनतं आणि त्यात एक तुकडा जरी सदोष आला तरी अख्ख्याचं काम ढेपाळतं. आई आणि बाप दोघांकडून दोष आला, तर माणसाला पिणंच सोसत नाही, म्हणून तो बहुधा वाचतो. एकाकडूनच आला, तर चेहरा लाल होतो, धडधडतं, पण मित्रांच्या आग्रहानं सवय लागते. अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका याच माणसाला फार मोठा. आपल्याकडे हा दोष विरळ आहे. पण म्हणून आपल्याला सूट मिळाली, असं समजू नका. एन्झाइम धडधाकट असलेला माणूस जास्त पितो, आणि जेवढी दारू तेवढं अ‍ॅसिटाल्डिहाइड.

दारू सोडवायला हेच एन्झाइम औषधानं मुद्दाम बंदही पाडता येतं. डायसल्फिराम म्हणतात त्याला. 1940 च्या दशकात डेन्मार्कमध्ये जंतांवर औषध शोधताना त्याचा हा गुण लक्षात आला. गोळी घेऊन दारू प्यायली, की अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं, चेहरा तापतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यायची असते. वहिनी, काकू, तुमचा वैताग मला कळतो. पण आमटीत गुपचूप मिसळायची ही वस्तू नव्हे. त्यानं वरून दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. गोळी थांबवल्यावरही तिचा अंमल दोन आठवड्यांपर्यंत राहतो.

राहिलं तोंड. घोट तोंडात असतानाच तिथले जंतू दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करायला लागतात आणि लाळेत ते साफ करणारी ताकद फारच थोडी. दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या, वर विडी-सिगारेट, म्हणजे लाळेतलं प्रमाण आणखी चढतं. शिवाय दारूनं तोंडाची आतली त्वचा सैल पडते आणि माव्यातलं, मशेरीतलं विष आत शिरायला वाट होते. दारू आणि तंबाखू एकत्र आली, की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. बिअर असो, वाइन असो की देशी, आतलं अल्कोहोल एकच. "मी फक्त बिअर घेतो" हे मी रोज ऐकतो, आणि ऐकून सोडून देत नाही.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, गिळताना अडकायला लागलं, तर गटारी होऊन जाऊ दे म्हणत थांबू नका. सरकारी दवाखान्यात तोंड उघडून दाखवायला पाच मिनिटं लागतात. नमस्कार.