पानांआधी फुलणारी झाडं : दक्षिण आफ्रिकेचा वसंत

(दृश्य : वाळलेला माळ. निष्पर्ण झाड, फांद्यांच्या टोकांना लाल तुरे.)

ऑगस्टचा शेवट. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात पाऊस यायला अजून बराच अवकाश आहे. गवत पिवळं पडलंय, तरीही झाडं फुलली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांवर पान एकही नाही. त्यामुळे पानावरून झाड ओळखणारे इथे अडतात. मग फुलाच्या रंगावरून नाव ठरवलं जातं, आणि तिथेच फसगत होते.

हा लाल तुरा एरिथ्रिनाचा, म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्याच प्रजातीतला. झुलू लोक याला उम्सिन्सी म्हणतात. गोंधळ होतो तो दोन मोठ्या जातींत. एक फूल तोडून हातात घ्या. सगळ्यात मोठी पाकळी लांब, अरुंद, दुमडलेली आणि पुंकेसर तिच्या आत झाकलेले असतील, तर हा एरिथ्रिना लायसिस्टेमॉन. तीच पाकळी आखूड, रुंद, मागे वळलेली आणि पुंकेसर मिशांसारखे बाहेर आलेले असतील, तर एरिथ्रिना कॅफ्रा. कॅफ्राचा रंग बहुधा नारिंगीकडे झुकतो, पण त्याची फिकट मलईच्या रंगाची फुलंही असतात, म्हणून रंगावर विसंबू नका. कॅफ्रा मूळचा पूर्वेकडच्या किनारपट्टीचा. मात्र शहरांत दोन्ही सर्रास लावलेले आहेत, तेव्हा ठिकाणावरूनही निर्णय होत नाही. काळा डाग असलेल्या लाल बिया दोघांच्याही असतात. त्या विषारी आहेत, मुलांच्या हाती देऊ नका.

(दृश्य : खडकाळ उतार, पांढऱ्या फुलांनी भरलेलं झाड.)

खडकाळ उतारावरचं हे डोंबेया रोटुंडिफोलिया. इंग्रजीत वाइल्ड पेअर म्हणतात, पण नासपतीशी याचं नातं नाही. साल जाड, भेगाळलेली, काळपट. वणव्यातून झाड वाचतं ते तिच्यामुळे. या झाडाच्या पाकळ्या गळत नाहीत. त्या फांदीवरच सुकून तपकिरी, कागदी होतात, आणि फळ त्यांच्यातच धरतं. पुढे याच पाकळ्यांच्या आधाराने ते वाऱ्यावर जातं. बहर सरल्यावर आलेल्या माणसाला म्हणूनच झाड वाळल्यासारखं दिसतं. खाली पडलेलं जुनं पान उचला : गोलसर, बोटाला खरखरीत, आणि ठळक शिरा देठापासूनच फाकलेल्या. एवढं जुळलं की शंका उरत नाही.

(दृश्य : रस्त्याकडेची जांभळी झाडं.)

ऑक्टोबरात प्रिटोरियाचे रस्ते जांभळे होतात ते जॅकरांडामुळे. तो दक्षिण अमेरिकेतून आणलेला आहे. इथला देशी जांभळा वृक्ष म्हणजे बोलुसँथस स्पेसिओसस, ट्री विस्टेरिया. याच्या प्रजातीत दुसरी जातच नाही. याचं फूल वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं, लोंबत्या घोसात. जॅकरांडाचं फूल कर्ण्यासारखं. फुलं झडून गेली असली तरी हरकत नाही. बोलुसँथसच्या सडपातळ शेंगा घोसाने लटकतात, जॅकरांडाला चपटं, गोलसर, लाकडी फळ असतं. बोलुसँथसचं पान एकदाच विभागलेलं, पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे भाग, एका बाजूला झुकलेल्या. जॅकरांडाचं पान दोनदा विभागून बारीक झालेलं.

फोटो काढताना फक्त फुलोऱ्याचा जवळचा फोटो काढू नका. त्यावरून नाव सांगणं बहुतेक वेळा अशक्य होतं. फूल समोरून आणि बाजूने, बुंध्याची साल, डहाळी, आणि झाडाखाली पडलेलं सगळं टिपा. बुंध्यावर क्रमांकाची पट्टी असेल तर तीही. दक्षिण आफ्रिकेत देशी वृक्षांना राष्ट्रीय क्रमांक दिलेले आहेत : लायसिस्टेमॉनचा 245, बोलुसँथसचा 222. शास्त्रीय नावं बदलत राहतात. तिथल्या अकेशियांची, म्हणजे बाभळीच्या जातभाईंची, सेनेगालिया आणि व्हॅचेलिया अशी फाटाफूट झाली, तेव्हा जुनी पुस्तकं चाळताना हे क्रमांक फार उपयोगी पडले.

(दृश्य : जुन्या फांद्यांवर गडद लाल झुपके, त्यांवर पक्षी.)

शेवटी शोशिया ब्राकीपेटाला. फुलं जुन्या जाड फांद्यांवरच फुटतात, आणि मध इतका की तो खाली ठिबकतो. पाकळ्या जवळजवळ नाहीशा झालेल्या. लाल दिसतात ती निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरची दलं, आणि केसर. पान समसंख्य, पर्णिकांच्या चार ते सात जोड्या, टोकाला एकटी पर्णिका नाही. पर्णिका खूप बारीक आणि पाकळ्या स्पष्ट दिसत असतील, तर तुमच्यासमोर शोशिया आफ्रा आहे.