चोप वर झाला की

नमस्कार श्रोतेहो. मी परभणीचा. दिवसा दुकानदारांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री जेवणं उरकली की एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचं काम बघतो. मुक्त म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा. इथं पगार कुणालाच नाही. माणसं आपणहून येतात, आणि मन उठलं की आपणहून जातात.

मागच्या पावसाळ्यात आमच्यात वाद पेटला: 'सेव्ह'ला 'साठवा' म्हणायचं की 'जतन करा'? चार दिवस चालला. अवघड दुरुस्त्या तशाच पडून, आणि या दोन शब्दांवर मात्र सगळ्यांना बोलायचं. पार्किन्सन या इंग्रज लेखकानं १९५७ सालीच हे हेरलं होतं. अणुभट्टीचा ठराव समिती मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते, कारण शेड सगळ्यांनाच कळते. फ्रीबीएसडी या मुक्त संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या पॉल-हेनिंग काम्प यांनी १९९९ मध्ये हाच दाखला प्रोग्रामरांना ऐकवला.

असं भरकटणं मला फारसं खुपत नाही. ती चर्चा उचलून दुसरीकडं ठेवता येते. खुपलं ते वेगळंच. सेलूकडची एक नवीन मुलगी म्हणाली, "आमच्याकडं साधं 'ठेवा' म्हणतात." त्यावर आमच्यातल्या एका जुन्याजाणत्यानं लिहिलं, "आधी मराठी शिका. निजामाचं राज्य जाऊन किती वर्षं झाली!" चौघं हसले. सांभाळायची जबाबदारी माझी, पण मी गप्प बसलो. निम्मी वाक्यं त्याच्याच हातची, म्हटलं कशाला दुखवा. मुलगी परत फिरकली नाही. गेलेलं माणूस भांडत नाही ना, म्हणून कळतच नाही.

लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स इतके मोठे, पण सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनीही आपल्या शिवराळ उत्तरांबद्दल माफी मागितली आणि काही दिवस काम बाजूला ठेवलं. त्याच वेळी कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या, मंडळींनी वागण्याची नियमावली स्वीकारली.

आम्हीही नियम केले. टोमणा आला की आधी खासगीत फोन. चारचौघांत टोकलं की माणूस हट्टाला पेटतो, फोनवर बहुतेक जण नरमतात. तरीही ऐकलं नाही, तर आठवडाभर लिहिणं बंद, मग तो कितीही कामाचा असो.

पण नुसतं गप्प करून भागत नाही. माझे वडील आळंदीच्या पालखीसोबत दिंडीत चालायचे. ते सांगायचे, समाजआरतीला चोपदारानं चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला की सगळे टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडं जातो, ऐकून घेतो. मी चोप वर केलाच नव्हता, त्यामुळं त्या मुलीचा टाळ गलक्यात विरून गेला.

गेल्या महिन्यात तिला लिहिलं, चूक माझी होती म्हणून. चार दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं: "मग शब्द कोणता ठरला?"

अजून ठरलेला नाही. तिलाच बोलावलंय.