कडेवर कोरलेला नंबर

(दृश्य: जुळे सोलापुरातलं घर. पलंगावर सोलापुरी चादर, तिच्यावर ओळीने मांडलेली सात पदकं.)

ही माझ्या आजोबांची पदकं. 1963 साली मोहोळ तालुक्यातला एकोणीस वर्षांचा पोरगा बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला आणि 24 वर्षांनी सुभेदार होऊन पेन्शनवर घरी आला. मधल्या वर्षांबद्दल ते फारसं बोलले नाहीत.

पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला, "यातलं शौर्याचं कोणतं?" एकही नाही. ही सगळी सेवापदकं. त्या वेळी, त्या ठिकाणी जो जवान हजर होता, त्या प्रत्येकाला मिळालेली. हे ऐकून पाहुण्यांचा चेहरा उतरतो. मला मात्र ती हजेरीच मोठी वाटते.

(दृश्य: पदकं जवळून.)

हे रक्षा पदक, 1965 च्या युद्धाचं. ही 9 वर्षांच्या आणि 20 वर्षांच्या दीर्घ सेवेची. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर 'जम्मू-काश्मीर' अशी पट्टी आहे. तिथल्या थंडीबद्दल आजोबांनी काही सांगितलं नाही. त्यांच्या पायाच्या बोटांवरचे काळे डाग आम्ही लहानपणापासून पाहत होतो.

संग्राम पदक आणि हा 'पूर्वी स्टार', म्हणजे पूर्व आघाडीवरच्यांना मिळालेलं पदक, दोन्ही 1971 च्या युद्धाची. आजोबा पहिल्या मराठा पलटणीत होते, जिला 'जंगी पलटण' म्हणतात. डिसेंबरमध्ये ब्रह्मपुत्रा ओलांडून ही पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन बसली आणि शत्रूची परतीची वाट बंद झाली. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. त्यांच्या वरचे, ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शत्रूला शरण येण्याविषयी पत्र पाठवलं. उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. 10 तारखेच्या रात्री शत्रूने वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आला. सकाळ झाली तेव्हा जमालपूर पडलं होतं. त्या रात्रीबद्दल आजोबांचं एकच वाक्य घरात राहिलंय, "लई थंडी होती, आन् कुणी झोपलं नाही."

(दृश्य: एका पदकावर कॅमेरा थांबतो.)

सातवं पदक स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं. 15 ऑगस्ट 1972 रोजी जो सेवेत होता, त्याला हे मिळालं. लढाईशी त्याचा संबंध नाही, म्हणून बघणारा ते पटकन बाजूला सारतो.

पण 1972 म्हटलं की सोलापूर जिल्ह्यात दुसरंच काही आठवतं. दुष्काळ. विहिरींनी तळ गाठला, दावणीची जनावरं मातीमोल भावात गेली. आजोबा पलटणीत असताना आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती, माझे वडील तिच्या शेजारी ओढणीच्या झोळीत नव्हे, नुसत्या गोणपाटावर. खायला सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारा कोरडा पौष्टिक खाऊ, आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी. मनिऑर्डर यायची, पण ज्वारी बाजारात असेल तर ना! आजी म्हणते, "त्यांनी तिकडं पहारा दिला, मी हिकडं." माझ्यासाठी सातही पदकांत हे सगळ्यात जड आहे.

(दृश्य: आजीचे हात, पदकं पुसताना.)

प्रत्येक गोल पदकाच्या कडेवर आजोबांचा नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलंय. आजी दर 15 ऑगस्टच्या आदल्या दिवशी चिंच लावून पदकं घासायची. अक्षरं पुसट होतील, असं मी सांगितल्यावर तिने चिंच बंद केली. तिला वाचता येत नाही. आता ती कोरडं फडकं घेते आणि कडेवरून अंगठा फिरवून नाव जागेवर आहे का, ते बघते.