चव्वेचाळीस लाखांचे सत्त्याऐंशी लाख कसे झाले?

मित्रहो, सुरुवात मी थेट दोन आकड्यांनी करतो. १९८१च्या जनगणनेत महाराष्ट्रातली अनुसूचित जातींची लोकसंख्या साधारण ४४ लाख ८० हजार होती. १९९१मध्ये ती ८७ लाख ५८ हजारांच्या घरात गेली. त्या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढली आणि अनुसूचित जातींची जवळपास दुप्पट झाली. राज्यातलं त्यांचं प्रमाण ७.१ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेलं. नुसते तक्ते पाहणारा म्हणेल, एवढी माणसं बाहेरून आली असतील. बाहेरून कोणी आलं नव्हतं. माणसं तीच होती, वस्त्याही त्याच. मधल्या काळात बदलला होता तो कायदा.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९५१मध्ये साऱ्या देशात बौद्धांची संख्या १ लाख ८० हजारांच्या आसपास होती. १९६१मध्ये ती साडेबत्तीस लाख झाली आणि त्यातले जवळजवळ २८ लाख एकट्या महाराष्ट्रातले होते. आता १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश आठवा. अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, अशी त्यात अट होती. १९५६मध्ये शिखांचा समावेश झाला. बौद्धांना १९९०पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे प्रगणक दारात आला आणि घरातल्यांनी अभिमानाने ‘आम्ही बौद्ध’ असं सांगितलं, की ते कुटुंब अनुसूचित जातींच्या हिशेबातून बाहेर पडायचं. गावाने त्यांना वागवायची पद्धत मात्र बदललेली नव्हती.

हा केवळ संख्याशास्त्राचा विषय नाही. विधानसभेतल्या राखीव जागा या लोकसंख्येवरच ठरतात. १९७१च्या जनगणनेवर आधारलेल्या मतदारसंघ रचनेत २८८ पैकी १८ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. त्या जनगणनेतलं त्यांचं प्रमाण होतं सहा टक्के, म्हणजे बौद्धांना वगळून उरलेलं. ती रचना २००४च्या निवडणुकीपर्यंत चालली. पुढे २००१चे आकडे वापरले गेले आणि २००९पासून जागा झाल्या २९. कायदा १९९०मध्ये सुधारला, पण विधानसभेतल्या जागांपर्यंत ती सुधारणा पोहोचायला आणखी एकोणीस वर्षं लागली. राज्य सरकार आपल्या योजनांच्या कागदांवर ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असं लिहीत होतं, म्हणजे वस्तुस्थिती सरकारला माहीत होती. जनगणनेच्या रकान्याला ती माहीत असण्याची मुभा नव्हती.

असाच प्रकार आदिवासींच्या आकड्यात आधीच घडला होता, पण तिथली गुंतागुंत वेगळी आहे. १९७१मध्ये राज्यात अनुसूचित जमातींचे साडेएकोणतीस लाख लोक नोंदले गेले, १९८१मध्ये ५७ लाख ७२ हजार. मधे १९७६चा दुरुस्ती कायदा आला आणि क्षेत्रबंधन उठलं. त्याआधी एखादी जमात ठरावीक जिल्ह्या-तालुक्यांतच अनुसूचित मानली जायची. त्या हद्दीबाहेर राहणारा सख्खा भाऊसुद्धा मोजणीत आदिवासी नसायचा. बंधन उठल्यावर खरेखुरे वगळलेले आदिवासी आकड्यात आले, हे न्यायाचंच झालं. पण त्याचबरोबर नामसाधर्म्य असलेले समाजही आले. विदर्भातल्या हलबा आणि हलबा-कोष्टी यांचा वाद आपल्याला ठाऊक आहे: हलबा ही अनुसूचित जमात, आणि विणकर कोष्टी समाजातले हलबा-कोष्टी आपण तेच असल्याचा दावा करत होते. २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हेत असा निकाल दिला. प्रगणक जातीचा दाखला मागत नाही, मागूही नये. यादीतलं नाव सांगितलं की ते लिहायचं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे त्या वाढीतले वगळलेले आदिवासी किती आणि नावापुरते आलेले किती, हे जनगणनेच्या तक्त्यातून वेगळं काढता येत नाही. तरीही १९७१ आणि १९८१ शेजारी शेजारी ठेवून आदिवासींच्या साक्षरतेबद्दल, शेतीबद्दल निष्कर्ष काढले जातात. दोन वेगवेगळ्या समूहांची तुलना करून एकाच समूहाची प्रगती मोजल्यासारखं ते होतं, आणि मला ते फार चुकीचं वाटतं.

आता नांदेडच्या, सोलापूरच्या सीमेवर या. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमात आहे, कर्नाटकात अनुसूचित जात आणि आपल्याकडे विमुक्त जाती. तांडा सीमेच्या कोणत्या बाजूला आहे यावर त्याची ओळख ठरते. तेलंगणाच्या तक्त्यात हे लोक जमातींत मिळतात, कर्नाटकाच्या तक्त्यात जातींत. महाराष्ट्राच्या तक्त्यात बंजारा म्हणून ते कुठेच दिसत नाहीत, कारण स्वातंत्र्यानंतर जनगणना फक्त अनुसूचित जाती आणि जमातींची नावं टिपत आली. इंग्रजांनी १८७१चा कायदा करून ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्यांची यादी ठेवली, हजेऱ्या घेतल्या. १९५२मध्ये ते त्या शिक्क्यातून सुटले, म्हणून ‘विमुक्त’. स्वतंत्र देशाने त्यांच्यातल्या अनेकांना आजवर नाव घेऊन मोजलेलं नाही.

मग सगळ्यांचीच जात विचारली की प्रश्न सुटेल? इथे इतिहास सावध करतो. १९०१मध्ये जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक मानानुसार उतरंड लावायचा घाट घातला. मोजणारा प्रतिष्ठेचा निवाडा करतो आहे हे दिसताच ठिकठिकाणच्या जातिसभा जाग्या झाल्या. आम्हाला क्षत्रिय लिहा, आमचं नाव बदला, असे अर्ज येऊ लागले. १९११मध्ये एकट्या बंगालच्या जनगणना कचेरीत आलेल्या अर्जांचं वजन दीड मण भरलं, अशी अधिकृत नोंद आहे. जे आहे ते टिपायला निघालेल्या मोजणीने लोकांना स्वतःबद्दल नवं बोलायला लावलं. आज जुन्या नोंदी शोधून, कुणबी की मराठा, याचे पुरावे काढले जात आहेत. त्या नोंदी वाचताना एवढं तरी ध्यानात असावं, की तेव्हाचं उत्तर तेव्हाच्या विचारणाऱ्याला दिलेलं होतं.

२०११च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत नेमकं उलटं झालं. जातींची यादीच आधी तयार केली नाही. सांगतील ते लिहून घेतलं: कोणी पोटजात सांगितली, कोणी कूळ, कोणी गोत्र, कोणी आडनाव, प्रत्येक प्रगणकाचं शुद्धलेखन निराळं. १९३१मध्ये देशात ४,१४७ जाती नोंदल्या होत्या, इथे ४६ लाखांवर नावं आली. महाराष्ट्रात अधिसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून ४९४. नोंदली गेलेली नावं ४ लाख २८ हजार ६७७. हे केंद्र सरकारनेच २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. तो आकडा वापरता आला नाही, आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात आपलं राज्य रिकाम्या हाताने उभं राहिलं.

लिंगाच्या रकान्याबद्दल बोलायला मला अधिक वेळ हवा होता, कारण तिथे चूक सर्वांत खोल आहे. २०११मध्ये प्रथमच पुरुष आणि स्त्री यांच्यापुढे ‘इतर’ असा तिसरा संकेतांक आला. देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जण त्यात नोंदले गेले, महाराष्ट्रात ४० हजार ८९१. हीच तृतीयपंथीयांची लोकसंख्या, असं पुढे सर्रास छापलं गेलं. जनगणनेने तसा प्रश्न विचारलेलाच नव्हता. या संख्येत सहा वर्षांपर्यंतची ५४,८५४ मुलं आहेत. एवढ्या लहान मुलाने स्वतःची ओळख कुठून सांगितली असेल? त्याच्या वतीने कोणीतरी सांगितलं, किंवा प्रगणकाने अंदाजाने अंक टाकला.

माहिती देतो तो सहसा कुटुंबप्रमुख. ज्या घराने आपलं लेकरू बाहेर काढलं, ते घर प्रगणकाला काय सांगेल? ‘मुलगा पुण्याला असतो.’ ते लेकरू जिथे तृतीयपंथी गुरूच्या आसऱ्याला राहतं, तिथेही कुटुंबप्रमुखाशी असलेल्या नात्याच्या यादीत गुरू-चेला हे नातं नाही. जी बाई म्हणून जगते ती बाई असं सांगते आणि स्त्रियांच्या रकान्यात जाते. तो तिचा हक्कच आहे. ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून नोंदलेले पण पुरुष म्हणून जगणारे, तर आपल्याकडच्या चर्चेतही क्वचित येतात, तक्त्यात कुठून येणार? आणि एवढं करून जे नोंदले गेले, त्यांना मुख्य तक्त्यांमध्ये पुरुषांच्या संख्येत मिळवण्यात आलं. आपण जे स्त्री-पुरुष प्रमाण वाचतो, त्यातल्या पुरुषांत ही माणसं बसलेली आहेत. आधी वेगळं नोंदवलं आणि छापताना पुन्हा तिथेच नेऊन ठेवलं, जिथून ती आयुष्यभर झगडून बाहेर पडली. मी हे तक्ते शिकवतो, आणि हे सांगताना दर वेळी मला संताप येतो.

प्रश्न नीट लिहिणंही सोपं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ला सोळा वर्षांवरील सर्वांना लिंगओळखीचा स्वतंत्र, ऐच्छिक प्रश्न विचारला. जन्मनोंदीपेक्षा आपली ओळख वेगळी, असं सुमारे २ लाख ६२ हजार जणांनी सांगितलं. पण इंग्रजी फारसं न येणाऱ्यांत हे प्रमाण संशयास्पद वाटावं इतकं जास्त निघालं; अनेकांना प्रश्नच कळला नसावा. अखेर त्या आकडेवारीचा ‘मान्यताप्राप्त अधिकृत आकडेवारी’ हा दर्जा काढून घेतला गेला. आपल्याकडे तोच प्रश्न गोंडी, भिली, अहिराणी, कोकणी बोलणाऱ्या घरांत, बहुतेकदा एखाद्या शिक्षकाच्या तोंडून जाणार आहे.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जात मोजायचा निर्णय ३० एप्रिल २०२५ला झाला. जात मोजावी, या बाजूचा मी आहे. न मोजल्याने कोणाचं काय झालं, ते आत्ताच आपण पाहिलं. माझं म्हणणं एवढंच, की लोकांनी सांगितलेलं मूळ नाव आणि कचेरीने ज्या गटात ते घातलं तो गट, दोन्ही स्वतंत्रपणे प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे गट चुकला तर पुन्हा लावता येईल. विमुक्त-भटक्यांना राज्यांच्या यादीपलीकडे देशभर एका नावाने शोधता यावं. ‘इतर’ची संख्या कोणत्याही तक्त्यात पुरुषांत किंवा स्त्रियांत मिळवू नये. चौदा-पंधरा वर्षांपुढच्या प्रत्येकाला स्वतःचं उत्तर स्वतः देता यावं, आणि घरच्यांसमोर ते देण्याची सक्ती नसावी. या जनगणनेत स्वतः ऑनलाइन माहिती भरण्याची सोय आहे. तीही कुटुंबामागे एकच असेल, तर मघाशी सांगितलेली अडचण तशीच राहील. म्हणून ही शेवटची मागणी आपण नियम छापून येण्याआधी लेखी करायला हवी. निवेदनाचा मसुदा मी बरोबर आणला आहे. प्रश्नोत्तरांनंतर तो पुढच्या टेबलावर ठेवतो, वाचा आणि त्यात हवे ते बदल सुचवा.