तारखा जुळतात तेव्हा

(दृश्य : उजनी जलाशय, कुंभारगावचा काठ, सूर्योदयापूर्वीची वेळ)

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेले की भिगवण येते. जानेवारीतली पहाट आहे, फुगवट्याच्या पाण्यावर धुक्याचा पातळ थर आहे, आणि कुंभारगावच्या काठावरून निघालेली होडी हळूहळू आत सरकते आहे. आधी कलकल ऐकू येते आणि मग ओल्या गाळावर उतरलेला पट्टकदंबांचा थवा दिसू लागतो. हंसकुळातले हे करड्या अंगाचे पक्षी. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे असतात आणि त्या पट्ट्यांवरूनच त्यांना हे नाव मिळाले आहे. होडीत दोघे बसले आहेत. एकजण दुर्बिणीतून पाहत आकडा उच्चारतो, दुसरा मांडीवरच्या वहीत दहा-दहाच्या हिशेबाने रेघा ओढतो. मध्येच थवा उठला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, म्हणून नावाडी वल्ह्याचा आवाज होऊ देत नाही.

ही आशियाई पाणपक्षी गणना आहे. १९८७ मध्ये भारतीय उपखंडात तिची सुरुवात झाली आणि पुढे आशियातल्या अनेक देशांनी ती स्वीकारली. तिचा महत्त्वाचा नियम वेळेचा आहे : जानेवारीतल्या त्याच दिवसांत सगळीकडे मोजणी करायची. भिगवणला थवे कमी दिसले तर ते पक्षी मेले, की यंदा दुसऱ्या एखाद्या तलावावर उतरले, हे एका गावाच्या वहीवरून कधीच सांगता येत नाही. त्यासाठी शेजाऱ्याची वही उघडावी लागते, आणि शेजाऱ्यानेही त्याच सुमारास मोजलेले असावे लागते.

पट्टकदंब हा आपला हिवाळी पाहुणा असला, तरी त्याची घरटी मंगोलियात, तिबेटच्या पठारावर आणि किर्गिझस्तानातल्या तलावांकाठी असतात. तिथून निघून हिमालय ओलांडून तो दख्खनच्या पाण्यावर येतो. मंगोलियातल्या अभ्यासकांनी गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकदंब कर्नाटकातल्या तलावांवर दिसले आहेत, आणि तो क्रमांक टिपून कळवणाऱ्या निरीक्षकामुळे दोन टोकांची माहिती एका ओळीत आली आहे. ज्या मार्गाने हे पक्षी ये-जा करतात त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात आणि तो ३० देशांवरून जातो. या तिसांपैकी एखाद्या देशात वाटेवरचा एक तलाव बुजवला गेला, तर उरलेल्या देशांनी केलेल्या रक्षणाला तेवढ्याने खोट येते.

स्थलांतर करणाऱ्या वन्यजीवांसाठी १९७९ मध्ये जर्मनीतल्या बॉन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८३ पासून भारत त्याचा सदस्य आहे. या कराराची परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला भरली होती. पुढे २०२४ मध्ये समरकंदच्या परिषदेत या उड्डाणमार्गासाठी देशांनी मिळून काम करण्याचे ठरले, आणि त्या कामाचे समन्वय केंद्र भारतात असावे, असेही ठरले. ही जबाबदारी लहान नाही.

आम्हा पुणेकरांना तर ती घराच्या उंबऱ्यापासून सुरू होताना दिसते. मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते, आणि भीमेचे पाणी उजनीत साठते. शहरातले सांडपाणी पुरेसे शुद्ध न होता नदीत गेले, तर त्याची दुर्गंधी भिगवणच्या काठावर, चिलापीच्या जाळ्यात आणि पक्ष्यांच्या पायाखालच्या गाळात जाऊन पोहोचते. हिवाळ्यात याच काठावरचे मच्छीमार आपल्या होड्यांतून पर्यटकांना पक्षी दाखवतात, आणि पक्षी आले तरच त्यांच्या घरात ते चार पैसे येतात. वरच्या अंगाला राहणाऱ्याने खालच्या अंगाच्या माणसाचा विचार करावा, ही अपेक्षा दोन देशांकडून करण्याआधी एका जिल्ह्यातल्या दोन गावांकडून करायला हवी, असे आम्हाला मनापासून वाटते.

(दृश्य : सह्याद्रीचा कडा, रिकामे आभाळ)

आपल्या उपखंडात शेजाऱ्यांच्या सहकार्याची खरी कसोटी लागली ती गिधाडांच्या बाबतीत. गावाबाहेर टाकलेल्या मेल्या जनावराभोवती गिधाडांचा घोळका जमलेला ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, अशी माणसे आजही पुणे जिल्ह्यातल्या गावोगावी भेटतात. त्यांच्या नातवंडांनी मात्र गिधाड चित्रातच पाहिलेले असते. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अभ्यासकांना गिधाडे कमी झाल्याचे प्रथम जाणवले. माना टाकून फांद्यांवर बसलेले पक्षी आढळत होते आणि काही दिवसांनी तेच पक्षी झाडाखाली मरून पडलेले सापडत होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारांमागे एक पक्षी उरला.

कारण सापडले ते सीमेपलीकडे. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात मेलेल्या गिधाडांची तपासणी करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की, गुराढोरांना वेदना आणि सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषधच गिधाडांचा घात करत होते. औषध दिलेली गाय किंवा म्हैस लवकरच दगावली, तर ते तिच्या मांसात शिल्लक राहते. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि रक्तातले युरिक आम्ल बाहेर न पडल्यामुळे आतल्या अवयवांवर त्याचा खडूसारखा पांढरा थर साचतो. शंभर मृत जनावरांमागे एकाहूनही कमी जनावरात मारक प्रमाणात औषध असले, तरी एवढा संहार होऊ शकतो असे पुढच्या गणिताने दाखवले. कारण एका जनावरावर एका वेळी कित्येक गिधाडे उतरतात आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

हा शोध लागला तेव्हा भारत आणि पाकिस्तान यांचे संबंध कसे होते, हे वेगळे सांगायला नको. तरीही २००६ या एकाच वर्षात भारत, नेपाळ आणि पाकिस्तान या तिन्ही देशांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, आणि २०१० मध्ये बांगलादेशाने तेच केले. मेलॉक्सिकॅम हे औषध जनावरांचे दुखणे शमवते आणि गिधाडांना अपाय करत नाही, हे तोवर सिद्ध झाल्यामुळे शेतकऱ्याला मोकळ्या हाताने परत पाठवण्याची वेळ आली नाही. मे २०१२ मध्ये चारही देशांनी गिधाडांच्या रक्षणासाठी एक सामाईक घोषणापत्र मान्य केले.

हे सगळे तारखांपुरते नीटनेटके दिसते, पण औषधाच्या दुकानात गोष्ट इतकी सरळ नव्हती. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक मोठ्या, ३० मिलिलिटरच्या कुप्यांतून मिळत होते, आणि एवढी मात्रा माणसाला लागतच नसल्यामुळे त्या कुप्या गोठ्यांत पोहोचत होत्या. २०१५ मध्ये भारताने ही कुपी ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती मर्यादित केली. तेवढ्यात गिधाडांना तितकीच घातक असलेली दुसरी औषधे पुढे आली. त्यांपैकी केटोप्रोफेन बांगलादेशाने २०२१ मध्ये बंद केले आणि भारताने एसिक्लोफेनॅकसह ते २०२३ मध्ये बंद केले. ही दोन वर्षांची तफावत आम्हाला खटकते. नेपाळात उपग्रह यंत्र बसवून सोडलेली गिधाडे उडत भारतात आल्याची नोंद आहे. अशा पक्ष्याच्या दृष्टीने एका देशाची बंदी ही अर्धीच बंदी असते.

नेपाळातल्या नवलपरासी भागात पिठौली नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी २००६ मध्ये ‘जटायू रेस्टॉरंट’ सुरू केले. म्हाताऱ्या, भाकड गाई ते सांभाळतात, आजारपणात त्यांना फक्त सुरक्षित औषधे देतात, आणि गाय नैसर्गिकपणे मेली की तिचे शव माळावर गिधाडांसाठी ठेवतात. सीताहरणाच्या वेळी पंख छाटले गेलेल्या पक्ष्याचे नाव त्यांनी निवडले, यातला जिव्हाळा मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

(दृश्य : गणेश पेठेतील मासळी बाजार, पावसाळी दुपार)

जपणुकीची जी गोष्ट, तीच वापराची. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतो तो या विश्रांतीनंतर. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. बांगलादेशात मात्र ती अनेक वर्षे २० मे ते २३ जुलै या काळात होती. मासे दोन्ही बाजूंना पोहत होते, पण एका बाजूची जाळी मिटलेली असताना दुसऱ्या बाजूची पसरलेली असायची. आमच्या बंदीत भारतीय नौका येऊन मासळी नेतात, ही बांगलादेशी मच्छीमारांची जुनी तक्रार होती. २०२५ मध्ये बांगलादेशाने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी बदलून घेतली. बंगालच्या उपसागरात दोन देशांची जाळी आता जवळपास एकाच वेळी वाळत असतात.

(दृश्य : पुन्हा भिगवण, मार्चचा पहिला आठवडा)

ऊन तापू लागले आहे. उजनीचे पाणी मागे हटले आहे, गाळाला भेगा पडू लागल्या आहेत, आणि पट्टकदंबांचे थवे एकेक करून उत्तरेकडे निघाले आहेत. जानेवारीत रेघा ओढलेली ती वही पुन्हा होडीत आली आहे. आज तिच्यात मोजण्यासारखे फारसे काही नाही. वल्हे थांबते, दुर्बीण काठावरून एकदा सावकाश फिरते, आणि शेवटचा थवा दिसल्याची तारीख पेन्सिलीने लिहिली जाते.