गाडीच्या काचेवरचा चीक काढताना

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत गाडी उभी करायला सावलीची जागा मिळणे हे नशीबच म्हणायचे. पण दादरच्या हिंदू कॉलनीत, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सभोवती किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत जुन्या झाडांखाली ज्यांची गाडी रात्रभर असते, त्यांना सकाळी समोरच्या काचेवर आणि बाजूच्या आरशांवर चिकट ठिपक्यांची रांगोळी पाहावी लागते. हे ठिपके निघतात, थोडा धीर धरला तर सहज निघतात. मात्र ते काढण्याच्या घाईत काचेवर जे चरे उठतात ते बहुधा कायमचे राहतात आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात एकेक करून चमकू लागतात. म्हणून आजचे माझे बोलणे चिकाइतकेच चऱ्यांविषयीही आहे.

झाडाच्या चिकाने काच चरत नाही, कारण तो काचेपेक्षा कितीतरी मऊ असतो. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस श्रेणीवर काच साधारण साडेपाच ते सहाच्या दरम्यान येते, तर वाळूतले गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण 7 वर आहेत. आपल्या शहरात कुठे इमारतीचा पुनर्विकास, कुठे रस्त्याचे काँक्रीटीकरण, तर कुठे मेट्रोचे खोदकाम चालू असते, आणि त्या धुळीत बारीक वाळू असतेच. ही धूळ ताज्या थेंबावर बसते, त्यातच रुतते आणि थेंबाबरोबर वाळते. वाळलेला ठिपका जवळून पाहिला तर मध्ये पिवळसर, काचेसारखा तुकतुकीत भाग आणि कडेला करड्या कणांचे कडे दिसते. आपण कोरडे फडके घेऊन जोर लावतो तेव्हा हेच कडे काचेवरून ओढत नेत असतो. सकाळी आठच्या आत डझनभर गाड्या पुसून संपवायच्या असलेल्या माणसाला एकच बादली आणि एकच फडके पुरवायचे आणि मग काच खराब झाली म्हणून त्याच्यावर डाफरायचे, हे मला न्यायाचे वाटत नाही. त्याला दुसरे स्वच्छ फडके आपणच द्यावे.

काचेवर पडते त्या सगळ्याला आपण सरसकट चीक म्हणतो, पण त्याचे प्रकार वेगळे आणि त्यांची औषधेही वेगळी. विलायती शिरीष, ज्याला पर्जन्यवृक्ष म्हणतात, त्याच्याखाली गाडीवर जो चिकट थर बसतो तो पुष्कळदा झाडाचा नसून झाडावरच्या किडीचा असतो. मुंबईतल्या या झाडांवर गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणांचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. हे किडे झाडाचा रस शोषतात आणि त्यातली जास्तीची साखर पातळ थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. आंब्याला मोहोर आलेला असताना तुडतुडे नेमके हेच करतात. कोकणातल्या बागायतदाराला हा चिकटा चांगला ठाऊक असतो, आणि त्यावर पुढे काळी बुरशी धरते तीही. हा पदार्थ साखरेचा असल्यामुळे पाण्यात विरघळतो. शेवगा किंवा बाभूळ यांचा डिंकही पाण्याने फुगतो आणि सुटतो. वड, पिंपळ, उंबर, फणस आणि चाफा यांचा पांढरा चीक मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यात रबरासारखा अंश असतो आणि वाळल्यावर पाणी त्याला काही करू शकत नाही. पावसाळ्यापूर्वी महापालिका फांद्यांची छाटणी करते, त्या दिवसांत ताज्या कापातून हा चीक ठिबकतो, तेव्हा शक्यतो गाडी दुसरीकडे लावावी. आंब्याचा चीक तेलकट आणि राळेच्या अंगाचा असतो, त्यालाही नुसते पाणी पुरत नाही. आपल्या काचेवर काय आहे हे ओळखायचे असेल तर ओले बोट ठिपक्यावर, न चोळता, जरा वेळ टेकवून ठेवावे. बोट चिकट झाले तर साखर किंवा डिंक. ठिपका तसाच राहिला तर चीक किंवा राळ.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. काच थंड हवी. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर हात ठेववत नाही, तिथे साबणाचे पाणी पुसण्यापूर्वीच वाळते आणि स्पिरिट चिकापर्यंत पोहोचण्याआधी उडून जाते. तेव्हा सकाळची वेळ किंवा तळघरातली पार्किंगची जागा बरी. सुरुवातीला काचेला हात न लावता वरच्या कडेने तांब्याने पाणी सोडावे आणि सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. इतके केले तरी निम्मा धोका टळतो. त्यानंतर बादलीभर पाण्यात गाडीचा शाम्पू किंवा भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब घालून मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने, अजिबात दाब न देता, काच धुवावी. फडके पिळायला साध्या पाण्याची वेगळी बादली ठेवावी, नाहीतर काढलेली वाळू पुन्हा काचेवरच जाते. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवसापुरते बाद समजावे, मग ते झटकून कितीही स्वच्छ दिसो.

यानंतर कोमट पाण्यात भिजवलेले फडके, पाणी टिपकत असतानाच, ठिपक्यांवर पाच ते दहा मिनिटे पसरून ठेवावे. पाणी अंघोळीचे असते तितपतच गरम असावे. उकळते पाणी काचेवर ओतणे धोक्याचे आहे, कारण खडी उडून काचेला बारीकसा टवका गेलेला असेल तर अचानक तापल्याने तिथून तडा धावू शकतो. किडीचा चिकटा आणि डिंक बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटतो, आणि तो सुटला तर पुढचे काहीच करू नये.

उरलेल्या डागांना औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सर्जिकल स्पिरिट चालते. 70 टक्क्यांचे अल्कोहोल मला अधिक सोयीचे वाटते, कारण त्यातल्या पाण्यामुळे ते जरा सावकाश उडते. ते काचेवर फवारू नये. कापडाच्या घडीवर घ्यावे, ती घडी ठिपक्यावर मिनिटभर दाबून धरावी, आणि मग एकाच दिशेने उचलून घ्यावी. गोल गोल चोळण्याची सवय इथे घातक आहे. प्रत्येक पुसण्यानंतर घडी उलटून स्वच्छ बाजू वर आणावी. घासताना कापडाखाली करकर आवाज आला तर हात तिथेच थांबवावा, पाणी सोडावे आणि मगच पुढे जावे. 2020 पासून घरात उरलेली जेलच्या सॅनिटायझरची बाटलीही इथे कामाला येते, कारण जेल उभ्या काचेवरून ओघळत नाही. फक्त नंतर तेलकट थर राहतो, तो साबणाने धुवावा. स्पिरिट झपाट्याने पेट घेते, म्हणून आसपास विडी-काडी, उदबत्ती काही नको. ते रंगावर आणि काचेच्या रबरी पट्टीवर सांडू न देणे चांगले, आणि काचेवर पाणी न ठरू देणारा लेप लावलेला असेल तर तो स्पिरिटाने निघून जाण्याची शक्यता असते, हेही लक्षात ठेवावे.

वड-फणसाच्या चिकाला स्पिरिट कमी पडते, तिथे घरातले तेल उपयोगी. फणस कापताना आपण विळीला आणि हाताला तेल लावतो, तेच काम इथे उलट्या बाजूने करायचे. खोबरेल तेलाचे बोट ठिपक्यावर फिरवून पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावे. चीक मऊ होतो आणि कापडाने गोळा होऊन निघतो. मात्र तेलाचा थर काचेवर राहिला तर पावसात वायपर फिरताच समोर धुके पसरल्यासारखे होते. म्हणून नंतर साबणाने आणि शेवटी थोड्या स्पिरिटाने काच कोरडी स्वच्छ करावी.

एवढे करूनही काही खडे चिकटून राहतात. त्यांच्यासाठी जुने प्लास्टिकचे कार्ड घ्यावे आणि काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवून ते जवळजवळ आडवे धरून पुढे सरकवावे. दाढीच्या ब्लेडचा सल्ला अनेक जण देतात. समोरच्या काचेवर, भरपूर साबणपाण्यात, नव्या ब्लेडने, एकाच दिशेने हे काम करणारे हात आहेत, हे मी नाकारत नाही. पण बाजूच्या काचा तापवून कडक केलेल्या असतात आणि त्या प्रक्रियेत काचेचे सूक्ष्म कण पृष्ठभागाला चिकटून राहिलेले असू शकतात. ब्लेडखाली असा एक कण सुटला की तोच पुढे काच ओरखडत जातो. घरच्या घरी ब्लेड नको, असे माझे स्पष्ट मत आहे. हिरव्या घासणीत तर काचेपेक्षा पुष्कळ कठीण असलेले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असू शकतात. ती, तारेची घासणी आणि चुलीची राख यांना गाडीजवळ येऊच देऊ नये. रॉकेल, थिनर आणि पेट्रोल यांच्यामुळे चीक निघतो हे खरे, पण रबर फुगते, रंग मऊ पडतो आणि आगीची भीती राहते ती वेगळीच. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन दिव्यांच्या पारदर्शक प्लास्टिकवर उडाले तर ते पांढुरके होऊन बसते.

बाजूच्या आरशांना याहून हळुवार हात लागतो. घरातल्या आरशाचा चकाकणारा लेप काचेच्या मागे सुरक्षित असतो, पण गाड्यांच्या काही आरशांवर क्रोमचा थर काचेच्या पुढच्या बाजूला दिलेला असतो आणि तो उघड्यावरच राहतो. नुसते पाहून हा फरक कळत नाही. म्हणून आरशाला कार्डसुद्धा लावू नये. कोमट ओले फडके आणि गरज पडलीच तर कापसाच्या बोळ्यावर घेतलेले थोडे स्पिरिट, एवढ्यावरच थांबावे. आरशाच्या कडेशी तर स्पिरिट जाऊच देऊ नये, कारण ते फटीतून मागे झिरपले की लेप कडेपासून काळा पडत जातो. ज्या आरशांत रात्रीचा झगमगाट कमी करण्याची किंवा काच तापवण्याची सोय असते, त्यांच्या बाबतीत गाडीची पुस्तिका सांगेल तेच करावे.

एव्हाना चरा पडलाच असेल, तर त्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही, तर काचेचे काम करणारा कारागीर सेरियम ऑक्साइड या काच घासायच्या बारीक पुडीच्या लेपाने घासून तो पुसट करू शकतो. नख अडकले, तर तितके खोल घासताना काचेला खळगा पडतो आणि त्यातून रस्ता वाकडा दिसू लागतो. चालकाच्या नजरेसमोर असा चरा असेल, तर काच बदलणे हाच सुरक्षित मार्ग.

राहिला वायपर. काचेवर चीक असताना वायपर चालवला की तो साऱ्या काचेवर पसरतो आणि त्याचा काही भाग रबराच्या कडेला लागून तिथेच घट्ट होतो. काच कितीही निर्मळ केली तरी हे रबर पुसले नाही तर पहिल्या सरीत पुन्हा पट्टे उमटतील, आणि रबरात वाळू अडकली असेल तर अर्धवर्तुळाकार चरेही. तेव्हा वायपर उभा करून रबराची कड आधी साबणपाण्याने आणि मग स्पिरिटाच्या कापडाने, फडक्यावर काळपटपणा येईनासा होईपर्यंत, पुसावी. काचेवर पाण्याचा फवारा मारून वायपर एकदा चालवावा. रेषा उमटली तर रबराचा तेवढा भाग पुन्हा पुसावा, आणि तरीही ती गेली नाही तर पावसाच्या आत रबर बदलून घ्यावे.

नमस्कार.