दुसऱ्याच्या ओझ्याची स्प्रिंग

पडद्यावर जो ट्रक उभा आहे, तो रिकामा आहे. जमीन सपाट आहे, चारही चाकांत ठरलेल्या दाबाची हवा आहे, आणि तरीही बाजूने पाहिले की त्याचे नाक खाली आणि पाठ वर असल्याचे लगेच लक्षात येते. फोर्डच्या ‘सुपर ड्यूटी’ या जड पिकअपच्या मालिकेतला हा एफ-२५० असून अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिल शहरातल्या कारखान्यात तो तयार होतो. त्याच्या मागच्या चाकांवर अर्धा-पाऊण टन ओझे आले, की मागची बाजू खाली बसते आणि ट्रक सरळ दिसू लागतो. म्हणजे हा कल कारखान्याच्या हातून राहून गेलेली चूक नसून, ओझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेली जागा आहे. आपल्याकडे मार्केट यार्डात माल उतरवून परतणारा पिकअपही मागून असाच उचललेला दिसतो, आणि कांद्याच्या गोण्या भरल्या की त्याची पाठ बसते. त्याचे कारण हेच.

पण अमेरिकेत असे ट्रक घेणारे सगळेच रोज ओझे वाहत नाहीत. कित्येकांचा ट्रक वर्षातले बहुतेक दिवस रिकामाच धावतो, आणि मग मालकाला तो दोन-अडीच इंचांचा कल खुपू लागतो. कोणाला पुढे थोडे मोठे टायर बसवायचे असतात, कोणाला ट्रक नुसता सरळ दिसायला हवा असतो. पुढची बाजू उचलण्याचे मार्ग अनेक आहेत. मूळ स्प्रिंगवर धातूची चकती बसवता येते, किंवा बाहेरच्या कंपनीची उंच स्प्रिंग विकत घेता येते. तिसरा मार्ग मात्र अधिक विचार करायला लावणारा आहे, आणि हा माहितीपट त्याच्याबद्दलच आहे : त्याच कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर जायचे आणि आपल्याच ट्रकच्या एखाद्या जड भावंडासाठी बनवलेली कारखान्याची स्प्रिंग मागायची.

ही युक्ती सुपर ड्यूटीच्या सगळ्या ट्रकांना लागू पडत नाही. १९९९ च्या मॉडेलपासून ही मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्या चारचाकी चालनाच्या ट्रकांना पुढेही स्प्रिंग म्हणून पाट्यांची कमान होती. २००५ च्या मॉडेलपासून पुढचा ॲक्सल अखंडच, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध राहिला, पण कमान जाऊन तिथे कॉइल स्प्रिंग, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांची स्प्रिंग आली, आणि ॲक्सलला जागेवर धरून ठेवण्यासाठी दोन लांब भुजा आल्या. पाट्यांची कमान ही ॲक्सलला धरून ठेवण्याचे आणि वजन पेलण्याचे अशी दोन्ही कामे एकटीच करत असे. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. म्हणूनच ती काढून तिथे दुसरी ठेवणे हे एवढे सोपे काम झाले.

एकाच ट्रकसाठी कारखाना इतक्या निरनिराळ्या स्प्रिंग का ठेवतो, हा प्रश्न साहजिक आहे. ट्रकचे नाव एकच असले, तरी त्याचे नाक एकसारख्या वजनाचे नसते. त्यात पेट्रोलचे इंजिन असू शकते किंवा ६.७ लिटरचे डिझेल असू शकते, आणि या दोन इंजिनांमुळे ट्रकच्या वजनात दोनशे किलोंहून अधिक फरक पडतो. केबिन दोन दारांची की चार दारांची, यानेही फरक पडतो. शिवाय मिशिगन, मिनेसोटा अशा उत्तरेकडच्या राज्यांत याच ट्रकच्या तोंडाला बर्फ लोटण्याचे पाते टांगतात, आणि ते सगळे वजन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लोंबकळत राहते. ग्राहक ट्रकची मागणी नोंदवताना जे जे पर्याय निवडतो, त्यांच्या वजनाचा हिशेब संगणक करतो आणि त्यानुसार पुढच्या स्प्रिंगचा कोड ठरतो. बर्फाच्या पात्याची तयारी हा स्वतंत्र पर्याय आहे; तो निवडला की जड वर्गातली स्प्रिंग येते. सुपर ड्यूटीच्या मालकांमध्ये ‘एक्स कोडची कॉइल’ हे शब्द जे परवलीचे झाले आहेत, ते या जड वर्गामुळेच.

आता चालकाच्या दाराचे लेबल जवळून पाहू. दार उघडले की खांबावर चिकटवलेले हे लेबल दिसते. एकूण किती वजनाला हा ट्रक मान्य आहे आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलवर किती भार चालेल, हे आकडे तिथे छापणे अमेरिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याच लेबलच्या खालच्या ओळीत, रंगाच्या आणि गिअरच्या कोडांशेजारी, स्प्रिंगची दोन-तीन अक्षरे असतात. स्प्रिंगची तुलना सुरू होते ती इथून. आपल्या ट्रकमध्ये आज कोणती स्प्रिंग आहे हे माहीत नसताना जड स्प्रिंग मागवणारा माणूस कधीकधी होती तीच स्प्रिंग पुन्हा विकत घेऊन बसतो.

सर्वांत मोठा गैरसमज याच्या पुढच्या पायरीवर होतो. जड वर्गाचा कोड म्हणजे अधिक उंच स्प्रिंग, असे बहुतेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात कोड एवढेच सांगतो, की ठरावीक उंचीवर ही स्प्रिंग अमुक भार पेलेल. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली लॅटिनमध्ये जे चार शब्द प्रसिद्ध केले, त्यांचा अर्थ ‘जेवढा ताण, तेवढे बल’ असा होतो, आणि पिकअपच्या कॉइललाही तोच नियम लागू आहे. समजा, एका स्प्रिंगवर ८०० किलो भार आहे आणि दर मिलिमीटर दबायला तिला ८ किलो लागतात; तर ती १०० मिलिमीटर दबेल. तिच्या जागी दर मिलिमीटरला १० किलो घेणारी, तेवढ्याच लांबीची स्प्रिंग ठेवली, तर ती ८० मिलिमीटरच दबेल आणि ट्रकचे नाक २० मिलिमीटर वर राहील. ही दुसरी स्प्रिंग मोकळ्या अवस्थेत आणखी २० मिलिमीटर लांब असेल, तर एकूण उंची ४० मिलिमीटरने वाढेल. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. पण त्यातून दिसते ते असे, की उंची दोन गोष्टींतून मिळते, कडकपणातून आणि मोकळ्या लांबीतून. कोडाच्या एका अक्षरावरून त्यांपैकी कोणती किती आहे हे कळत नाही.

म्हणून टेबलावर ठेवलेल्या या दोन स्प्रिंग पाहा. शेजारी उभ्या केल्या, तर लांबीतला फरक बोटभरही भरत नाही, आणि नवखा माणूस इथेच निराश होतो. पण व्हर्नियर कॅलिपरचे जबडे तारेवर ठेवले की चित्र बदलते. कॉइलचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे १८ मिलिमीटरच्या तारेऐवजी १९ मिलिमीटरची तार घेतली, बाकी सारे तसेच ठेवले, तर एका मिलिमीटरने कडकपणा जवळजवळ २४ टक्क्यांनी वाढतो. डोळ्याला हा फरक दिसत नाही, हाताला वजनावरून थोडा जाणवतो, पण ट्रकला तो पुरेपूर कळतो. वेटोळ्यांची संख्या कमी केली तरी स्प्रिंग कडक होते, आणि वेटोळ्याचा घेर वाढवला तर ती घेराच्या तिसऱ्या घाताने मऊ होते. दोन कोडांची तुलना करायची तर तारेची जाडी, चालती (म्हणजे प्रत्यक्ष दबणारी) वेटोळी, घेर आणि मोकळी लांबी ही चार मापे घ्यावीत. नुसता टेप लावून उंची मोजणे म्हणजे अर्धवट काम आहे.

स्प्रिंग बदलण्याचे काम निवांतपणे पाहण्यासारखे असते. चासी भक्कम घोड्यांवर उभी केली जाते, ॲक्सलखाली जॅक असतो. शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि वळणावर ट्रकला कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारची कडी सुटली, की जॅक हळूहळू उतरवायचा; ॲक्सल खाली जातो, स्प्रिंग सैल होते आणि हाताने उचलून बाहेर निघते. नवी स्प्रिंग बसवताना वेटोळ्याचे टोक बैठकीतल्या खाचेत नेमके टेकले आहे ना, हे बोट फिरवून पाहावे लागते. ते खाचेबाहेर राहिले, तर ट्रक एका बाजूने किंचित उंच बसतो आणि दोष विनाकारण स्प्रिंगला दिला जातो. ब्रेकची नळी आणि चाकाजवळच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हेही याच वेळी पाहायचे.

मोजमापाची घाई इथेच नडते. जॅकवरून उतरलेला ट्रक लगेच मोजला, तर तो हमखास उंच भरतो, कारण रबरी बुश आणि टायर अजून आखडलेले असतात. ट्रक थोडा चालवून आणावा, मगच टेप हातात घ्यावा. आणि माप जमिनीपासून घेऊ नये. ते चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे, म्हणजे टायर बदलला किंवा हवा कमी-जास्त झाली तरी तुलना बिघडत नाही.

आता वर केलेला हिशेब थोडा पुढे नेऊ. तीच जड स्प्रिंग डिझेल ट्रकमध्ये ठेवली आणि पेट्रोल ट्रकमध्ये ठेवली, तर उंची सारखी मिळणार नाही. पेट्रोल ट्रकच्या नाकावर प्रत्येक स्प्रिंगमागे १०० किलो कमी असतील, तर दर मिलिमीटरला १० किलो घेणारी स्प्रिंग तिथे आणखी १० मिलिमीटर वर राहील. म्हणून दुसऱ्याच्या ट्रकला अमुक कोडाने दोन इंच मिळाले, हे ऐकून आपल्याला तेवढेच मिळतील असे धरणे धोक्याचे आहे. खरे म्हणजे इथे उंची विकत मिळतच नाही. विकत मिळते ती न आलेल्या ओझ्यासाठीची ताकद, आणि ते ओझे नसल्यामुळे जे वर उरते, त्याला आपण उंची म्हणतो.

चकतीशी याची तुलना केली, तर दोन्हींच्या बाजूने बोलता येते. चकतीमुळे स्प्रिंग अधिक दाबली जाते आणि गाडी कडक होते, हा समज सर्वत्र आहे आणि अखंड ॲक्सलच्या बाबतीत तो चुकीचा आहे. स्प्रिंगवरचा भार तोच राहतो, म्हणून तिचे दबणेही तेवढेच राहते आणि फक्त बैठक सरकते. जड स्प्रिंगने मात्र चाल खरोखर कडक होते. रिकाम्या पेट्रोल ट्रकमध्ये ती रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर जाणवते, आणि ज्याला केवळ रूप हवे आहे त्याने चकतीच बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे विंच (दोर ओढणारे यंत्र), लोखंडी बंपर किंवा पाते टांगणाऱ्याला मात्र कडकपणा हवाच असतो, आणि त्याच्यासाठी कारखान्याची स्प्रिंग हे प्रामाणिक उत्तर आहे.

इतर कंपन्यांच्या ट्रकांना हे सारे जसेच्या तसे लागू होत नाही. डॉजच्या, म्हणजे आताच्या रॅमच्या चारचाकी चालनाच्या जड ट्रकांना १९९४ च्या पिढीपासून पुढे अखंड ॲक्सल आणि कॉइल आहे, त्यामुळे तिथेही कमिन्स डिझेलसाठीची स्प्रिंग पेट्रोल ट्रकमध्ये बसवणारे आढळतात. जनरल मोटर्सच्या जड पिकअपमध्ये कॉइलच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा असतो. तिथे एक बोल्ट पिळून नाक उचलता येते, पण त्याबरोबर चाकाला फिरवणाऱ्या आसांच्या सांध्यांचा कोन वाढतो.

कोणताही मार्ग निवडला, तरी काही परिणाम टळत नाहीत. सुपर ड्यूटीचा पुढचा ॲक्सल भुजांच्या टोकाला असल्यामुळे नाक वर गेले की तो स्वतःभोवती किंचित फिरतो, कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्याच्या मागे झुकण्याचा कोन कमी होतो, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटू लागते; ते अलाइनमेंटच्या वेळी वेगळे बुश बसवून सुधारावे लागते. ॲक्सलला आडवा धरणारा दांडा एका टोकाला चासीला जोडलेला असतो, म्हणून अख्खा ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. चाक खाली लोंबण्याची मूळ जागा कमी होते, आणि खड्ड्यात शॉक ॲब्सॉर्बर लवकर ताणला जातो. दिव्यांचे गणित तर अगदी सोपे आहे : पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ४ मीटर धरले आणि नाक ४० मिलिमीटर वर गेले, तर प्रकाशाचा झोत २५ मीटरवर आधीपेक्षा २५ सेंटिमीटरहून अधिक वर पडतो, आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दारावरच्या लेबलवरचा ॲक्सलचा भार मात्र आहे तेवढाच राहतो. ब्रेक, बेअरिंग, चाके आणि ॲक्सल जुनेच असल्यामुळे जड स्प्रिंगने ट्रकची मान्य क्षमता एक किलोनेही वाढत नाही.

सरळ केलेला ट्रक ओझे घेतो तेव्हा काय होते, हेही पाहायला हवे. मागे मोठा ट्रेलर जोडला की पाठ बसते आणि नाक आकाशाकडे जाते. ज्या कलामुळे हे टळले असते, तो आपण आधीच खर्च केलेला असतो. नाक उंच आणि पाठ खाली ठेवण्याची हौस नॉर्थ कॅरोलिनात इतकी वाढली, की १ डिसेंबर २०२१ पासून तिथे पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा त्याहून अधिक उंच करण्यावर कायद्याने बंदी आली. अर्थात तो प्रकार आपल्या विषयापेक्षा पुष्कळ टोकाचा आहे.

शेवटच्या दृश्यात तोच एफ-२५० आहे. हिवाळा सुरू झाला आहे आणि त्याच्या तोंडाला ३५० किलोंचे पाते टांगले जात आहे. पाते पुढच्या ॲक्सलच्या दीड मीटर पुढे आहे, म्हणून तरफेच्या नियमाने पुढच्या ॲक्सलवर सुमारे ४८० किलो येतात आणि मागच्यावरचे सुमारे १३० किलो उचलले जातात. दोन्ही स्प्रिंग मिळून हा भार घेतात, तेव्हा कमावलेल्या ४० मिलिमीटरांपैकी २४ मिलिमीटर परत जातात, पाठ थोडी वर येते, आणि बाजूने पाहिले की तो जुना कल पुन्हा दिसू लागतो. चालक मागचे फळके उघडतो आणि मागच्या चाकांच्या पलीकडे, अगदी टोकाला, वाळूची पोती रचू लागतो.